पाच वर्षांचा घास

१६ ऑगस्ट २००४, सोमवार

…आणि मग मी बादली पालथी घालून तिच्यावर बसले, कारण ह्यांचं अजून संपलं नव्हतं. माझं सगळं झालं होतं. शेण उचललं होतं, गव्हाण झाडली होती, चंपाची धार काढून दूध गाळून ठेवलं होतं, चहाचं आधण चढवलं होतं. आणि हे लसूणघासाची पेंढी सोडून एकेक काडी बघत बसलेले. एखादं पान पिवळं दिसलं, ठिपक्याचं दिसलं, की ती काडी बाजूला. एक मूठ झाली की उकिरड्यावर.

मी म्हटलं, "भाजी निवडताय का? पाहुणे येणारेत वाटतं."

हे म्हणाले, "चहा उतू जाईल."

आणि गेलाच उतू.

त्या सकाळी एवढंच घडलं. पुढच्या माघात हे गेले. इतक्या वर्षांच्या इतक्या सकाळी असताना हीच का आठवावी, ते मला कळत नाही. आज वही उघडली आणि हेच आलं.

वही नम्रताने दिली. वरच्या खोलीत भाड्याने राहते, वर्ध्याची आहे, इथे हडपसरलाच काचेच्या इमारतीतल्या एका मोठ्या कंपनीत काम करते. कंपनी दिवाळीला डायऱ्या वाटते. तिने म्हटलं, "काकू, तुम्ही इतकं वाचता, थोडं लिहा नं." मला शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालं. अजूनही सोसायटीची रद्दी आधी माझ्याकडे येते आणि मग रद्दीवाल्याकडे जाते. पण लिहायची वेळ कधी आली नव्हती. या वहीत प्रत्येक पानावर वर इंग्रजीत एक वाक्य छापलंय. ते मला येत नाही, म्हणून अडचण होत नाही.

१९ ऑगस्ट, गुरुवार

हरणीची कास सुटली! आज हात लावून नीट पाहिलं. सड भरलेत, कास टणक. फाल्गुनात भरवली होती, त्यानंतर माजावर आली नाही, म्हणजे गाभण राहून पाच महिने झाले. याआधी दोनदा उलटली होती, भरवली तरी राहिली नव्हती, म्हणून मी कोणाला बोलले नव्हते. डॉक्टरलाही बोलावलं नाही. तीस वर्षं जनावरांत गेली, मला कशाला डॉक्टर?

हरणी चंपाची शेवटची कालवड. चंपा ह्यांनी सासवडच्या बाजारातून आणली होती. आता दावणीला हरणी एकटीच.

विक्रमला सांगितलं. माझा मुलगा. त्याच्या चार सुमो आहेत, कंपन्यांची माणसं घरून नेतो आणि घरी सोडतो. जमीन गेली त्या पैशांतून घेतल्या. राहिलाय तो हा गोठा आणि त्याच्या मागचा घासाचा तुकडा. चारी बाजूंनी इमारती आणि मधे आम्ही. बिल्डरला इथे पोहण्याचा तलाव करायचाय. विक्रमने चैत्रातच सांगून ठेवलंय, "आई, दिवाळीपर्यंत गाभण राहिली तर ठेवू. नाहीतर कालवड विकायची आणि गोठा द्यायचा. प्रॅक्टिकल विचार कर."

आज त्याला म्हटलं, "तुझ्या प्रॅक्टिकलची कास सुटलीय, ये बघायला."

आला. बघितलं. "छान," म्हणाला. गेला. एवढंच. बापाचं बोलणं होतं तेवढंच ह्यालाही आलंय.

गल्लीत सगळ्यांना खरवसाचं कबूल केलं. बायडाबाईला मुद्दाम दोनदा सांगितलं.

२६ ऑगस्ट, गुरुवार

रिकामी.

विक्रमने मला न विचारता डॉक्टर बोलावले. उत्तरेश्वर डॉक्टर, सरकारी दवाखान्यातले, बार्शीकडचे. खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, तपासलं, हात बाहेर काढला आणि म्हणाले, "बाई, आत कोणी नाही."

मी म्हटलं, "नीट बघा. झोपलं असेल."

"पिशवी रिकामी आहे. कधीच राहिलेली नाही."

"मग ही कास?"

"तेच मलाही विचारायचंय," डॉक्टर म्हणाले. हात धुतले आणि चारा काय घालता ते विचारलं. मी म्हटलं, घरचा घास, औषध नाही, खत नाही, बाजारचं काही नाही. डॉक्टरांनी मान हलवली. "मग चाऱ्याचा प्रश्न नाही," म्हणाले. घास बघायला मात्र मागे गेले नाहीत, बूट नवे होते.

कुंपणापलीकडून बायडाबाई म्हणाली, "आनंदे, खरवस कधी मिळायचा गं?"

बायडाबाई माझी चुलत जाऊ. तिची म्हैस दर वर्षी बिनचूक वेते. माझ्यावर उपकार केल्यासारखी.

२९ ऑगस्ट, रविवार

हे असं का झालं याची यादी केली.

मोबाईलचा मनोरा. समोरच्या इमारतीवर गेल्या वर्षी उभा राहिला. त्याने चिमण्या गेल्या म्हणतात, मग कालवडीचं काय घेऊन बसलात.

बायडाबाईची दृष्ट. हे जास्त पटतं. मीठ, मोहऱ्या आणि सात मिरच्या उतरवून जाळल्या. ठसका माझ्यासकट सगळ्यांना लागला, म्हणजे दृष्ट नव्हती असं शास्त्र सांगतं. पण नम्रताला ऑफिसला जाताना शिंका आल्या आणि ती म्हणाली, "काकू, फायर अलार्म लागला असता."

डॉक्टरांचं बियाणं. ते भरलेली सरकारी कांडी गोठवलेली असते. गोठलेल्याला काय उत्साह असणार?

घासावर मात्र मी बोट ठेवू देणार नाही. तो ह्यांनी स्वतः पेरलाय. कार्तिकात पेरला आणि माघात गेले. दोन कापण्या त्यांच्या हातच्या झाल्या, पुढच्या सगळ्या माझ्या. काडी वाया घालवत नाही मी. जरा जास्तच वाढू देते, भसाभस कापून टाकायला हात धजत नाही. पाच वर्षं होतील पण अजून उभा आहे. सध्या तर ढगाळ हवेत पानं अशी चमकतात की तेल लावलंय. हात लावला की चिकटतो, एवढा रसदार. नम्रता परवा तिथून गेली तर तिच्या कुडत्यावर बारीक हिरवे किडे बसले. ती ओरडली. मी म्हटलं, "घाबरतेस काय, किड्यांनाही कळतं कुठे गोड आहे ते."

५ सप्टेंबर, रविवार

आज एक उद्योग केला. वहीला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

रद्दीत शेतीचं एक पाक्षिक मिळालं. त्यात 'पशुधन सल्ला' म्हणून पान आहे. लोक विचारतात, कोणी जनावरांचे डॉक्टर उत्तर देतात. मी कार्ड लिहिलं. कालवड गाभण नाही तरी कास सुटली, दोनदा उलटली, मग माजच चुकला. चारा म्हणाल तर घरचा लसूणघास, उत्तम, पानं तेलासारखी चमकतात. दोष कोणाचा?

पण नाव कसं घालायचं? छापून आलं तर अख्ख्या हडपसरात कळेल की आनंदीबाईला तीस वर्षांनंतर कास कळत नाही. म्हणून खाली लिहिलं, 'सौ. बायडाबाई'. पुढे तिचंच आडनाव, जे माझंही आहे. आणि पत्ता तिच्या घराचा.

कार्ड पेटीत टाकलं. हसू आलं. हे गेल्यापासून एकटीने हसायची सवय मोडली होती.

२१ सप्टेंबर, मंगळवार

घरात गणपती. तरी बिल्डरचा माणूस सहीसाठी आला. पिशवीत कागद, गळ्यात टाय. विक्रम म्हणाला, पेन संपलंय. त्या माणसाने स्वतःचं पेन काढलं तर हा म्हणाला, निळ्या शाईने सही करायची नाही असं वकिलाने सांगितलंय.

गेल्या वेळी म्हणाला होता चष्मा विसरला. विक्रम कधीपासून चष्मा लावतो? चार सुमोंचा मालक आणि घरात धड एक पेन नाही. याचा धंदा कसा चालायचा, मला काळजी वाटते.

हरणीला मोदक दिला. खाल्ला. कास तशीच.

३ ऑक्टोबर, रविवार

पितृपक्ष. ह्यांची तिथी परवा झाली. विक्रमने बिल्डरला सांगितलं, पंधरा दिवस व्यवहार नाही. एरवी हाच विक्रम अमावस्येलासुद्धा नवी गाडी विकत आणतो.

ह्यांच्या पानात घोसाळ्याची भजी वाढली. कावळा लगेच शिवला. मी मनात म्हटलं, तिथेसुद्धा चहा उतू गेला असेल.

९ ऑक्टोबर, शनिवार

आज जे झालं ते सगळं लिहिते. लपवायचं तर वही कशाला?

दुपारी बायडाबाई आली. हातात पाकीट. "आनंदे, पोस्टमन हे टाकून गेला. माझ्या नावाचं हाय म्हणतो. मला कोण लिवणार? वाचून दाखव."

बायडाबाईला अक्षर येत नाही. गल्लीतली सगळी पत्रं मीच वाचते. लग्नाची, कोर्टाची, विमा कंपनीची. हे कार्ड टाकताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं. छापून येईल, वाचणारे वाचतील, तिला कळणार नाही, असा माझा हिशेब होता. घरी पत्र पाठवतील हे कोणाला ठाऊक?

पाकिटावर पाक्षिकाचं नाव होतं.

म्हटलं, "जाहिरात असेल. टाकून दे."

"जाहिरातीला एवढं जाड पाकीट? वाच."

वाचलं. ओळीवर बोट ठेवून वाचायची माझी सवय, लहानपणी कोणी शिकवलं नाही ना.

"'सौ. बायडाबाई यांस, आपल्या कालवडीस कोणताही रोग नाही.'"

"माझी कुठली कालवड?" बायडा म्हणाली. "मला तर म्हैस हाय."

"चुकीने आलं असेल."

"पुढं वाच की."

पुढे लिहिलं होतं. ते मी इथे उतरवते, कारण पत्र ती घेऊन गेली. घास जुना झाला की त्याच्या पानांवर बुरशीचे ठिपके पडतात, तांबेरा येतो, आणि मावा किडा रस शोषून घेतो. असा त्रास झाला की रोप स्वतःला वाचवायला पानांत एक द्रव्य वाढवतं. ते जनावराच्या पोटात गेलं की मादीच्या अंगातल्या संप्रेरकासारखं काम करतं. शरीर फसतं. गाभण नसताना कास सुटते, माज चुकतो, भरवली तरी राहत नाही. मग एक ओळ अशी होती: 'पाने चमकतात असे आपण लिहिले आहे. ते तेज नव्हे, तो माव्याचा चिकटा आहे.'

तिथे माझं बोट जड झालं.

"'असा चारा ताबडतोब बंद करून मका किंवा ज्वारीचं कडवळ द्यावं. एक-दोन महिन्यांत फरक पडेल. आपला नम्र.' झालं."

मी पत्राची घडी घालायला लागले. बायडाने माझा हात धरला.

"न्हाई झालं. खाली अजून दोन वळी हायत. तुझं बोट वरच थांबलंय."

अक्षर येत नाही, पण ओळी मोजता येतात तिला.

मी वाचलं. "'घास किती वर्षांचा आहे ते आपण लिहिले नाही. तीन वर्षांपेक्षा जुना असल्यास मोडून टाकावा व त्या जागी वर्षभर मका घ्यावा.'"

बायडाने पत्र घेऊन त्या दोन ओळींवर स्वतःचं बोट फिरवलं. मग म्हणाली, "माझ्याकडं घासाची काडी न्हाई. घास एका तुझ्याकडं हाय."

मी पाकिटावरचं तिकीट बघायला लागले.

"कार्ड तू लिवलंस. माझ्या नावानं."

"हो."

"सौभाग्यवती लिवलंस का?"

"लिहिलं."

"बरं झालं. म्हातारा जिता हाय अजून." आणि हसायला लागली. पदर तोंडात कोंबून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मलाही राहवलं नाही.

मग उठली आणि जाताना दारात म्हणाली, "आनंदे, दत्तोबा भावजी तीन वर्षं झाली की घास मोडायचे. तुला म्हाईत हाय. तू भाकरी घेऊन जायचीस तवा."

मला माहीत होतं.

मला माहीत होतंच की. ते काड्या निवडत बसायचे आणि मी म्हणायचे भाजी निवडताय का. ते मुठी भरभरून उकिरड्यावर टाकायचे आणि ते गेल्यापासून मी एक पान टाकलं नाही. सगळं हरणीच्या पोटात घातलं. पिवळं, ठिपक्याचं, चिकट, सगळं. त्यांचं म्हणून.

१० ऑक्टोबर, रविवार

हरणीला घास बंद केला. घास मोडला नाही. डॉक्टर छापील असले म्हणून बरोबरच असतील असं नाही. आधी बघू.

११ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी गोठ्याच्या दारात मक्याची मोठी पेंढी. कुंपणापलीकडून आवाज आला, "फुकट न्हाई. माझ्या नावानं कार्ड लिवलंस, आता मला रोज पेपर वाचून दाखवायचा."

"काय वाचू?"

"लग्नाच्या जाहिराती. कोण किती खोटं बोलतंय ते."

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. विक्रमची मुदत आज संपली. मी सकाळपासून तयारी करून बसले होते, काय काय बोलायचं ते. तो आला, हरणीच्या शिंगांना गेरू लावला, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाला, "आई, चकली कडक झालीय." मुदतीचं विसरला. मीही आठवण करून दिली नाही. हा मुलगा दिवसेंदिवस विसराळू होत चाललाय.

घासाला कापलं नाही, त्यामुळे जांभळी फुलं आलीत. त्यांच्या वेळी कधी फुलावर येऊ दिला नव्हता त्यांनी. दिसतो सुंदर. सोसायटीतल्या बायका गच्चीवरून फोटो काढतात. मी पाणी घालत नाही असं ठरवलंय, पण सकाळी वाफे ओले असतात. पाइप कुठे गळतो ते बघायला विक्रमला सांगितलं. तो म्हणाला, "बघतो." त्याच्या चपलांना चिखल होता. कुठे कुठे फिरतो कोण जाणे.

कास उतरली. हे लिहायचं राहिलंच. हात लावून पाहिलं. आता माझ्या हातावर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून बायडालाही लावायला सांगितला. ती म्हणाली, "उतरली."

२ डिसेंबर, गुरुवार

हरणी माजावर आली! सकाळपासून हंबरून तिने सगळी सोसायटी डोक्यावर घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका साहेबांनी खाली येऊन विचारलं, "अहो, हिला काही दुखतंय का?" मी म्हटलं, "नाही, साहेब. लग्न ठरतंय." ते घाईने वर गेले.

उत्तरेश्वर डॉक्टर संध्याकाळी येऊन भरवून गेले. या वेळी बूट काढून, अनवाणी मागे जाऊन घास बघून आले. एक पान तोडलं, उलटं केलं, बराच वेळ बघितलं. "ऑगस्टात बघायला हवं होतं मी," म्हणाले. अशी माणसं थोडी असतात. चहा दिला.

२३ डिसेंबर, गुरुवार

एकवीस दिवस झाले. माजावर आली नाही. पण मागच्या वेळीही आली नव्हती. कोणाला सांगितलं नाही. खरवसाचा ख सुद्धा उच्चारला नाही.

बायडाला रोज चार जाहिराती वाचते. 'गृहकृत्यदक्ष' ऐकलं की ती म्हणते, "म्हंजी भांडकुदळ." नम्रताच्या घरच्यांनीही जाहिरात दिलीय, आम्ही वाचली. नम्रताला सांगितलं नाही. आम्ही दोघींनी दोन स्थळं बाद केलीत.

१४ जानेवारी २००५, शुक्रवार

संक्रांत. नवी वही नाही मिळाली, जुनीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. विधवेला वाण देत नाहीत. बायडाने कुंपणावरून तिळगूळ फेकला, "झेल!" म्हणाली. झेलला.

बिल्डरचा माणूस आला होता. आता म्हणे विक्रमच्या अंगठ्याला लागलंय. पट्टी बांधलेली मीही पाहिली. कशाने लागलं विचारलं तर म्हणाला, फाटकात. पट्टी उजव्या अंगठ्याला होती. जेवताना डाव्याला.

८ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर आले. मी बादली पालथी घातली आणि बसले. बायडा कुंपणाला धरून उभी. विक्रमला कंपनीच्या गाड्या सोडायच्या होत्या, तरी तो आतच घुटमळत होता, फोन कानाला लावून. फोन बंद होता, दिवासुद्धा लागलेला नव्हता.

डॉक्टरांनी हात आत घातला. डोळे मिटले. नेहमी ते उघडे ठेवतात.

मग म्हणाले, "आहे. दोन महिन्यांचं."

बायडा म्हणाली, "नीट बघा. झोपलं असल."

विक्रमने फोन खिशात टाकला, हरणीच्या मानेवर थाप मारली आणि पाठ करून उभा राहिला. त्याला धूळ फार लवकर लागते डोळ्यांना. लहानपणापासून.

सगळे गेल्यावर मी मागे गेले. घास कमरेएवढा, फुलांनी भरलेला. एक काडी तोडली. पान उलटं केलं. खाली हिरवे बारीक मावे एकाला एक चिकटून, आणि वर तपकिरी ठिपके. त्यांच्यामागे मुंग्यांची ओळ. इतकी वर्षं मी रोज इथे येत होते आणि फक्त वरची बाजू बघत होते.

आता पुरावा आला. पुरावा नव्हता तोवर मी म्हणू शकत होते की कोणास ठाऊक, घास नसेलही. आता हरणीच्या पोटातच उत्तर आहे. चंपाचं नातवंड. ते हवं असेल तर हा ठेवता येत नाही. पुढच्या पावसात बांधावरून कोणी एक मूठ घालील, मीच घालीन, मला माझी खात्री नाही.

विक्रमला सांगितलं, उद्या घास मोडणार. तो म्हणाला, "ट्रॅक्टर बोलावू?"

"एवढ्याला ट्रॅक्टर? बापाने कुदळीने मोडला असता."

"आई, बाबांनी—" म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "बिल्डरला मी 'नाही' म्हणून सांगितलं. कायमचं." आणि गाडी काढायला गेला. म्हणजे आता पेन शोधायला नको.

१० फेब्रुवारी, गुरुवार

काल वहीला हात लावला नाही, हाताला फोड आले होते.

काल सकाळी शेण उचललं, गव्हाण झाडली, हरणीला मका टाकला, चहाचं आधण चढवलं. मग कुदळ घेऊन मागे गेले आणि पहिल्या वाफ्यापासून घास मोडायला लागले. मुळं हातभर खोल गेली होती. दुपारी बायडा स्वतःची कुदळ घेऊन आली, मी बोलावलं नव्हतं. मोडलेला सगळा घास आम्ही उकिरड्यावर टाकला. संध्याकाळी त्या जागेत मका टोकला.